घरच्या फोनची दोन कामे: नंबर जपणे आणि निरोप घेणे

फायबरची तार घरात आली की तिच्यासोबत लँडलाइनचा नंबरही येतो, आणि बहुतेक योजनांत त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. इंदूरमध्ये बऱ्याच घरांत या नंबरला फोन जोडलेलाच नसतो. मोडेमच्या मागचे फोनचे छिद्र रिकामे राहते. पण रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा मराठी वस्तीच्या भागांत दुसरी घरेही आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत, आणि घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील. तिथे फोन जोडावा का, जोडला तर कोणता, त्याच्या कळांवर कुणाकुणाचे नंबर भरावेत, घरी कुणी नसताना त्याने निरोप घ्यावा की नुसते वाजत राहावे, हे प्रश्न अजून विचारले जातात. दिवाळीला घरी आलेली मुले नवा सेट घेऊन येतात तेव्हा तर हमखास.

स्पीड डायल आणि आन्सरिंग मशीन या दोन सोयींबद्दल आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मते ठरून गेली. पहिली किरकोळ मानली गेली आणि दुसरी निरुपयोगी. ही मते ज्या परिस्थितीत बनली ती आता उरलेली नाही, म्हणून दोन्ही पुन्हा तपासायला हवीत.

काळा फोन ते खासगी तार

कोलकाता, मुंबई आणि मद्रासला टेलिफोन एक्स्चेंज १८८२ च्या सुमारास आली, तरी मध्यमवर्गीय घरात फोन शिरायला पुढे शंभर वर्षे जावी लागली. १९४८ मध्ये बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि तिचा जड, काळा, चकतीचा फोन हाच देशाचा फोन झाला. तो सरकारी टेलिफोन खात्याच्या मालकीचा असे. ग्राहकाने त्याला आपल्या मनाने दुसरे काही जोडायचे नसे. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात एसटीडी सुरू झाली. ती सगळीकडे पोचेपर्यंत परगावच्या फोनसाठी ट्रंक कॉल बुक करून तासन् तास थांबावे लागे.

चकतीच्या फोनला स्वतःची आठवण नव्हती. चकती फिरवून सोडली की तारेतला प्रवाह तितक्या वेळा तुटतो आणि जुळतो; वेग सेकंदाला साधारण दहा ठोक्यांचा. शून्याला दहा ठोके. पुण्याचा कोड तेव्हा ०२१२ होता. त्यातल्या पहिल्या शून्यालाच चकती मागे येताना एक सेकंद आणि ती फिरवायचा वेळ लागे. मध्येच बोट निसटले किंवा लाइन एंगेज लागली की पुन्हा पहिल्यापासून. स्पीड डायलची गरज नेमकी काय होती, हे या चकतीकडे पाहिले की कळते.

१९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था उभी राहिली आणि दूरसंचाराच्या उपकरणांचे उत्पादन खासगी उद्योगांनाही खुले होऊ लागले. सुनील मित्तल यांच्या भारती समूहाने जर्मनीच्या सीमेन्सच्या तांत्रिक साहाय्याने बटनांचे फोन बनवले, आणि १९८९ मध्ये जपानच्या ताकाकॉम कंपनीशी करार करून आन्सरिंग मशीनही. याच समूहाने ४ जून १९९८ रोजी इंदूरमध्ये लँडलाइन सेवा सुरू केली. देशातली ही पहिली खासगी लँडलाइन. दूरसंचार खात्याची घरगुती फोनवरची मक्तेदारी मुंबईत किंवा दिल्लीत नव्हे, इंदुरात मोडली. या शहराच्या अलीकडच्या इतिहासात ही गोष्ट जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

त्याआधी नंबर लागणे हीच मोठी गोष्ट होती. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणारा माणूस फोनला कोणत्या सोयी आहेत हे विचारत नसे. दोन पुरवठादार आल्यावर तो विचारू लागला. २००० च्या ऑक्टोबरात खात्याची सेवा बीएसएनएलकडे गेली. २००५-०६ च्या सुमारास देशात चार कोटींहून अधिक लँडलाइन होत्या. २०२० पर्यंत त्या निम्म्याच्या आसपास आल्या. मग फायबरमुळे आकडा पुन्हा वर सरकला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जिओने लँडलाइनच्या संख्येत बीएसएनएलला मागे टाकले. यातल्या किती तारांच्या टोकाला खरोखर फोन वाजतो, हा वेगळा प्रश्न.

नंबर कुठे ठेवायचा

स्पीड डायल दोन ठिकाणी असू शकते. एक फोनच्या सेटमध्ये: एका कळीवर एक नंबर, किंवा ‘मेमरी’ दाबून पुढे एक-दोन आकडे. दुसरी एक्स्चेंजमध्ये. सरकारी सेवेच्या ‘फोन प्लस’ सोयींत कॉल वेटिंग, कॉल फॉरवर्डिंग, गजर यांच्या जोडीला संक्षिप्त डायलिंगही होते, आणि हॉटलाइनही होती: रिसीव्हर उचलून काही सेकंद काहीच दाबले नाही की ठरवलेला नंबर आपोआप लागे.

दोन्हींत फरक मोठा आहे. सेटमधली आठवण घरात असते. ती कुणीही बदलू शकतो, मोलकरणीच्या मुलाने खेळताना पुसूही शकतो. काही सेटमध्ये ती छोट्या सेलवर किंवा लाइनच्या प्रवाहावर टिकते. सेल संपला, रंगकामासाठी फोन काढून ठेवला, की सगळे नंबर गेले. एक्स्चेंजमधली आठवण सेट बदलला तरी राहते, पण ती भरायचे आणि बदलायचे संकेत पाठ हवेत, आणि ते सांगणारी पुस्तिका दोन वर्षांनी घरात सापडत नाही. म्हणून एक्स्चेंजची सोय कागदावर राहिली आणि सेटमधली वापरात आली.

या सोयीविरुद्धचा सर्वांत जुना आक्षेप स्मरणशक्तीचा आहे. आधीच्या पिढीला मामाचा, डॉक्टरांचा, शेजारच्या काकूंचा नंबर पाठ असे. कळीवर नंबर भरले आणि पाठांतर गेले. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने लिहिले की माणसाची तात्कालिक स्मृती साधारण सात घटक पेलते. इंदूरचा स्थानिक नंबर सात आकडी आहे, तो त्यात बसतो. मोबाइलचा दहा आकडी बसत नाही. २०११ मध्ये बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये असे मांडले की माहिती बाहेर कुठेतरी साठली आहे हे ठाऊक असले की माणूस ती माहिती कमी आणि ती कुठे आहे हे अधिक लक्षात ठेवतो. आक्षेप घेणाऱ्यांना हा मोठा आधार वाटला. पण २०१८ मध्ये नामांकित नियतकालिकांतले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा जो मोठा प्रकल्प झाला, त्यात याच अभ्यासातला एक प्रयोग पुन्हा जुळला नाही. तेव्हा यंत्र आठवण खाते असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि खात नाही असेही नाही.

वृद्धांची काळजी घेणाऱ्यांचे म्हणणे वेगळ्या जागी आहे. त्यांच्या लेखी प्रश्न पाठांतराचा नसून बोटांचा आणि डोळ्यांचा आहे. हात थरथरतो, चष्मा दुसऱ्या खोलीत आहे, छातीत दुखते आहे; अशा वेळी दहा आकडे अचूक दाबणे आणि एक मोठी कळ दाबणे यांत फार अंतर आहे. कळीवर फोटो चिकटवायची जागा असलेले सेट त्यासाठीच निघाले. माझ्या मते स्पीड डायलचे मोल घरातल्या सर्वांत चपळ माणसावरून न ठरवता सर्वांत अडलेल्या माणसावरून ठरवायला हवे, आणि तसे पाहिले तर ही सोय किरकोळ मुळीच नाही.

तिसरे मत सावध लोकांचे. त्यांचा सोयीला विरोध नाही, पण कळीवरचा नंबर जुना होतो आणि ते कुणाला कळत नाही, ही त्यांची तक्रार आहे. ती खरी आहे. पुण्याचा ०२१२ जाऊन ०२० आला, बीएसएनएलच्या नंबरांच्या सुरुवातीला २ चा आकडा लागला. सर्वांत ताजे उदाहरण १५ जानेवारी २०२१ चे. त्या दिवसापासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. त्यापूर्वी शून्य फक्त आपल्या सर्कलबाहेरच्या मोबाइलला लागे. म्हणजे इंदूरच्या घरात पुण्यातल्या मुलाचा मोबाइल कळीवर शून्यासकट भरलेला होता, तो चालू राहिला. आणि गल्लीतल्या डॉक्टरांचा, खालच्या मजल्यावरच्या भाच्याचा, औषधाच्या दुकानाचा बिनशून्याचा नंबर बंद पडला. जवळची माणसे तुटली, लांबची जुळलेली राहिली. कळ दाबल्यावर ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येत होती, पण कानाला कमी ऐकू येणाऱ्याला ती काय सांगते ते समजणे अवघड. या बदलाची घोषणा झाली तेव्हा घरोघरच्या सेटमधल्या जुन्या नोंदी कोण दुरुस्त करणार, हा विचार चर्चेत फारसा आला नाही.

यंत्राशी बोलणे

आन्सरिंग मशीनचा इतिहास स्पीड डायलहून जुना आणि गुंतागुंतीचा आहे. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ मध्ये पोलादी तारेवर आवाज नोंदवणारे यंत्र बनवले, तेव्हाही डोळ्यांसमोर टेलिफोनचे निरोप होते. अमेरिकेत १९३० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत क्लॅरेन्स हिकमन यांनी चुंबकीय फितीवर काम केले, पण कंपनीने ते बाजारात आणले नाही. बोलणे नोंदले जाते असे कळले तर लोक फोनवर मोकळेपणी बोलणार नाहीत, अशी धास्ती त्यामागे होती, असे इतिहासकार मार्क क्लार्क यांनी दाखवले आहे. बाहेरची उपकरणे फोनच्या तारेला जोडण्याचा हक्क तिथल्या ग्राहकाला १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने मिळाला आणि त्यानंतर घरगुती यंत्रांचा रस्ता खुला झाला.

आपल्याकडे यंत्र आले ते दोन वाटांनी: देशी उत्पादन म्हणून, आणि अमेरिकेतल्या मुलामुलींच्या सामानातून. दुसऱ्या वाटेने आलेल्या यंत्राला ११० व्होल्टचा अडॅप्टर असे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आधी शोधावा लागे. दवाखाने, वकील, सनदी लेखापाल, आणि दोघेही नोकरीला जाणारी काही जोडपी यांनी ते वापरले. सर्वसाधारण घरात ते रुजले नाही. का, याची तीन उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर बिलाचे, आणि मला ते सर्वांत वजनदार वाटते. पलीकडे फोन उचलला गेला की मीटर सुरू होतो. उचलणारा माणूस आहे की यंत्र, हे एक्स्चेंजला कळत नाही. घरी कुणी नसेल तर नुसती रिंग जाणे फुकट होते, यंत्राने उचलले की पैसे पडत. एसटीडीचा दर आणि रात्री उशिरा मिळणारी सवलत यांचा हिशेब ठेवणाऱ्या घरांत हा फरक लहान नव्हता. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. रिंगांची भाषा घरोघर होती: प्रवासाला गेलेला माणूस सुखरूप पोचला की दोन रिंग देऊन फोन ठेवायचा. बूथवर त्याचे पैसे पडत नसत आणि घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडे. यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचलू लागले की ही भाषाच बंद. यंत्र बनवणाऱ्यांनाही खर्चाची जाणीव होती. अनेक यंत्रांत अशी योजना असे की नवा निरोप आला असेल तर यंत्र दुसऱ्या रिंगला उचलेल, नसेल तर चौथ्या. म्हणजे बाहेरून चौकशी करणाऱ्या मालकाने तिसरी रिंग ऐकताच फोन ठेवावा आणि पैसे वाचवावेत. पण बाहेरून निरोप ऐकायला टोनचा फोन लागे, आणि पल्सवर, म्हणजे चकतीसारख्या ठोक्यांवर, चालणाऱ्या फोनवरून यंत्राला संकेत देता येत नसे.

दुसरे उत्तर घराच्या रचनेचे. फोन हॉलमध्ये असे आणि घरात सहसा कुणीतरी असे. आजी उचलायची, निरोप घ्यायची, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची, शिवाय फोन करणाऱ्याची ख्यालीखुशालीही विचारायची. जिथे माणूस निरोप घेतो तिथे यंत्राला काम उरत नाही. उलट यंत्राचा निरोप हॉलमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाजतो, म्हणजे ज्याच्यासाठी आहे त्याच्या आधी बाकीचे ऐकतात.

तिसरे उत्तर रीतीभातीचे. कुणी गेल्याची बातमी, लग्न ठरल्याची बातमी, पैशाची अडचण या गोष्टी समोरच्याचा सूर ऐकत सांगायच्या असतात. ‘टूँ’ वाजल्यावर एका दमात नव्हे. हा केवळ आपला संकोच नाही. युरी मियामोतो आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये जपानी आणि अमेरिकी लोकांची तुलना केली, तेव्हा आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवणे जपानी लोकांना अधिक जड जाते असे दिसले. समोरून हुंकार येत नसताना नाते सांभाळत बोलण्याकडे त्यांचे लक्ष अधिक खर्च होत होते. आपल्याकडच्या अनुभवाशी हे जुळते. इंदूरच्या मराठी घरात त्यात आणखी एक पेच: यंत्रावरचे स्वागताचे वाक्य कोणत्या भाषेत नोंदवायचे? नातेवाइकांसाठी मराठी, ऑफिस आणि दुकानदारांसाठी हिंदी. दोन्ही नोंदवले तर फोन करणाऱ्याचे मीटर आणखी पळणार.

यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणेही ऐकायला हवे. आजीने घेतलेला निरोप अनेकदा अर्धवट असे, मुलीच्या मैत्रिणीचा किंवा सुनेच्या ऑफिसचा निरोप तर पोचतच नसे. यंत्र कुणाचा निरोप गाळत नाही. नोकरी करणाऱ्या बाईसाठी हा फरक महत्त्वाचा होता आणि रीतीभातीची बाजू मांडताना तो नजरेआड होतो. पुढे कॉलर आयडी आला, कुणाचा फोन येऊन गेला हे पडद्यावर दिसू लागले, त्यामागून मोबाइल आला, आणि ही चर्चा निकाल न लागताच थांबली.

काय बदलले

पहिला बदल पैशाचा. १ मे २०१५ पासून बीएसएनएलने लँडलाइनवरून रात्रीचे बोलणे मोफत केले, १५ ऑगस्ट २०१६ पासून रविवारही. त्यानंतर अमर्याद बोलण्याच्या योजना सर्वत्र आल्या. यंत्राने उचलल्यामुळे फोन करणाऱ्याला भुर्दंड बसतो, हा मुख्य आक्षेप यामुळे जवळपास संपला.

दुसरा बदल फसवणुकीचा. पोलिस, बँक किंवा कुरिअर कंपनीच्या नावाने फोन करून वृद्धांना घाबरवणारे आणि तथाकथित डिजिटल अटकेत तासन् तास बसवणारे भामटे हा आज प्रत्येक शहराचा प्रश्न आहे. त्यांचे सगळे बळ समोरच्याला विचार करू न देण्यात असते. यंत्राने आधी उचलायचे, बोलणारा कोण ते स्पीकरवर ऐकायचे, ओळखीचा निघाला तरच रिसीव्हर घ्यायचा, ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. आपल्याकडे ती उद्धट मानली गेली. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईसाठी आज ती उद्धट म्हणायची का, याचा नव्याने विचार करावा लागेल. विरोधी मतही निराधार नाही: भामटा यंत्रावरही धमकी ठेवू शकतो, आणि ती पुन्हा पुन्हा ऐकून माणूस अधिक खचू शकतो. फोन करणाऱ्याचे नाव पडद्यावर दाखवण्याची शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. हा उपाय यंत्राहून बरा, असे काहींना वाटते.

तिसरा बदल विजेचा, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष आहे. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचा ४८ व्होल्टचा प्रवाह येई, त्यामुळे घरातली वीज गेली तरी साधा फोन चालू राही. फायबरमधून वीज येत नाही. मोडेम बंद पडला की फोन बंद, मग त्याच्या कळीवर आपत्कालीन ११२ भरलेला असो की मुलाचा नंबर. कॉर्डलेस सेट आणि आन्सरिंग मशीन यांना तर घरची वीज आधीपासूनच लागत होती. मोडेमला छोटा बॅटरी बॅकअप जोडता येतो, तो बाजारात मिळतोही, पण जोडणी देताना तो आपणहून सुचवला जाईलच असे नाही. घरात इन्व्हर्टर असला तरी मोडेमचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे पाहावे लागते.

अजून न सुटलेले

आठवण आणि निरोप घरातल्या सेटमध्ये असावेत की कंपनीकडे, यावर एकमत नाही. घरातले यंत्र बंद पडते, पण त्यातला आवाज घरातच राहतो. कंपनीची व्हॉइसमेल सेट जळला तरी टिकते, पण ती ऐकायला नंबर फिरवून संकेत दाबावे लागतात आणि तिथेच वृद्ध माणूस अडतो. घरच्या यंत्रालाही बाहेरून ऐकण्यासाठी दोन-तीन आकड्यांचा संकेत असतो. तो कारखान्यातून आला तसाच ठेवला तर कुणीही निरोप ऐकू शकतो. मोबाइलवर कॉल वळवणे हा तिसरा मार्ग सुचवला जातो. तो सोपा आहे, पण मग फसवा फोनही सरळ मोबाइलवर जातो.

नंबरांच्या रचनेत बदल होतो तेव्हा सेटमधल्या नोंदींची जबाबदारी कुणाची, यालाही उत्तर नाही. २०२१ चा शून्याचा बदल शेवटचा असेल असे मानायला आधार नाही. मुले वर्षातून एकदा येतात, कळांवरचे नंबर तपासतात, पण मधल्या काळात कोणती कळ चालत नाही हे फोन लावायची वेळ आल्यावरच कळते. काही घरांत दर महिन्याला प्रत्येक कळ एकदा दाबून पाहायची रीत पाडली आहे. पलीकडच्यालाही आधी सांगून ठेवलेले असते की हा फोन फक्त तपासणीचा. ११२ ची कळ मात्र अशी दाबून पाहता येत नाही. ती बरोबर भरली आहे का, हे भरणाऱ्याने भरतानाच दोनदा वाचून पाहायचे असते.